फॉयरत्सांगनबोव्ले

फॉयरत्सांगनबोव्ले : शालेय जीवनावरील कृष्णधवल जर्मन विनोदी चित्रपट. दिग्दर्शक हेल्मुट वाइस, प्रमुख भूमिकेत हाइन्त्स ऱ्यूमान. हाइन्रिख श्पोर्ल यांच्या 1933 च्या कादंबरीवर तो बेतलेला असून पटकथाही त्यांचीच आहे. 28 जानेवारी 1944 रोजी बर्लिन येथे तो प्रथम दाखवण्यात आला. मसाले घालून तापवलेल्या लाल वाइनवर चिमट्यात साखरेचा खडा धरायचा, तो रममध्ये भिजवून पेटवायचा आणि वितळलेली साखर खाली ठिबकू द्यायची, अशा रीतीने केलेल्या पेयाचे हे नाव आहे.

या पेयाभोवती जमलेली प्रौढ मित्रमंडळी शाळेतल्या खोड्या आठवत असतात. घरीच शिकवणी घेऊन शिकलेला लेखक हान्स फायफर याच्याजवळ मात्र सांगण्यासारखे काहीच नसते. मित्रांच्या आग्रहावरून तो मिशी काढून बाबेनबेर्ग या छोट्या गावातील शाळेत शेवटच्या वर्गाचा विद्यार्थी म्हणून दाखल होतो आणि मुख्याध्यापकांची मुलगी एव्हा हिच्या प्रेमात पडतो. चाळिशी ओलांडलेले ऱ्यूमान शाळकरी मुलगा म्हणून पटतात, याचे निम्मे श्रेय त्यांच्या निरागस चेहऱ्याला द्यावे लागते.

चित्रपटाचा खरा जीव शिक्षकांत आहे. वाफेचे इंजिन शिकवताना ब्योमेल हे शिक्षक ऱ्हाइनकडच्या बोलीत ‘समजा, आपण अगदी ढ आहोत’ अशी सुरुवात करतात. हे वाक्य जर्मन भाषेत जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले आहे. रसायनशास्त्राचे क्राय यांचे स्वरोच्चार वाकडे असून ते ‘श्लुक’ (घोट) या शब्दाचा ‘श्लॉक’ करतात. किण्वन समजावताना ते ब्लूबेरीची वाइन देऊन प्रत्येकाला एकच इवलासा घोट घेण्याची ताकीद देतात, आणि तेवढ्यावर सगळा वर्ग झिंगल्याचे सोंग आणतो. पुढे शाळेतून काढून टाकले जावे म्हणून फायफर हुबेहूब क्राय बनून वर्गावर येतो, नेमके त्याच वेळी वरिष्ठ शिक्षणाधिकारी तपासणीला पोहोचतात.

शिक्षकांची अशी टवाळी शिक्षणमंत्री बेर्नहार्ट रुस्ट यांना रुचली नाही. अधिकाराची पत घसरेल म्हणून त्यांनी प्रदर्शनाला विरोध केला. तेव्हा ऱ्यूमान चित्रपटाची प्रत घेऊन पूर्व प्रशियातील हिटलरच्या मुख्यालयात गेले आणि तेथून परवानगी मिळाली. युद्धाचे पाचवे वर्ष चालू होते, बर्लिनवर बॉम्ब पडत होते; अशा वेळी लोकांना हसवणारी करमणूक राजवटीलाही हवीच होती.

पडद्यावर युद्धाचा मागमूस नाही, म्हणून चित्रपट निरुपद्रवी ठरतो का, याविषयी मतभेद आहेत. टीकाकार तरुण शिक्षक ब्रेट याच्याकडे बोट दाखवतात. कोवळी झाडे सरळ वाढावीत म्हणून त्यांना बांधावे लागते, तसेच मुलांना शिस्तीने बांधावे, असे तो सांगतो. आणि या शाळेत थट्टेचा विषय न झालेला शिक्षक जवळपास तोच एक आहे. हा आक्षेप सहज झटकून टाकता येण्याजोगा नाही. मात्र प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते ब्योमेल आणि क्राय, ब्रेट नव्हे.

याच कादंबरीवरून 1934 मध्ये आलेल्या चित्रपटातही ऱ्यूमान होते. हेल्मुट कॉयटनर यांनी 1970 मध्ये रंगीत आवृत्ती काढली, परंतु तिला 1944 च्या चित्रपटाची सर आली नाही. जर्मन विद्यापीठांत डिसेंबरमध्ये मोठ्या सभागृहांतून तो आजही दाखवला जातो. विद्यार्थी सोबत गजराची घड्याळे आणि फुलबाज्या आणतात. पडद्यावर गजर झाला की सभागृहातली घड्याळेही खणखणू लागतात.