बिलिरुबिन टेस्ट

रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य किती आहे ते मोजायची ही तपासणी, लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणजे एलएफटीमध्ये ती असतेच. ठाणे, कळवा, वाशी, कोपरखैरणे, कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते, आणि पावसाळ्यात दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए नाहीतर ई झाल्याचा संशय आला की डॉक्टर हीच आधी लिहून देतात.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग तुटतात आणि त्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन बनतं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून लिव्हरपर्यंत येतं, हे इनडायरेक्ट. लिव्हर त्याला विरघळणारं करून पित्तात सोडतं, हे डायरेक्ट. शौचाचा रंग त्याच्यामुळेच.

मोठ्या माणसात टोटल साधारण १.२ पर्यंत आणि डायरेक्ट ०.३ पर्यंत नॉर्मल धरतात (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे). डोळे पिवळे दिसायला लागतात ते अडीच-तीनच्या पुढे. पण नुसता टोटलचा आकडा बघून काही कळत नाही हो, वाढलंय ते कुठलं हे बघायचं. इनडायरेक्ट वाढलं तर पेशी जास्त तुटतायत किंवा गिल्बर्ट सिंड्रोम, जो जन्मजात आणि निरुपद्रवी असतो, त्यात बाकी एलएफटी नॉर्मल आणि कडक उपास केला की आकडा वर जातो, नवरात्रात टेस्ट केली तर उगाच घाबरायला होतं. डायरेक्ट वाढलं, लघवी गडद आणि शौच पांढुरकी झाली तर पित्तनलिकेत खडा वगैरे अडकलाय का ते बघायला सोनोग्राफी लागते. कावीळ हिपॅटायटिसची असेल तर दोन्ही वाढतात, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, एलएफटीमध्येच असतं) तर खूपच.

आपल्याकडे अजून काविळीची माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवून "उतरवतात". हिपॅटायटिस ए बहुतेकदा आपोआपच बरा होतो म्हणून श्रेय माळेला जातं, पण खडा किंवा गाठ असलेल्या माणसाचे त्यात आठवडे वाया जातात आणि हे फार वाईट आहे. गुंगी, बडबड, रक्तस्राव दिसला तर आकडा कितीही असो, थेट हॉस्पिटल. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई जास्त धोक्याचा, तिथे अजिबात थांबू नये.

बरं होताना डायरेक्टचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटून राहतो आणि तो अल्ब्युमिनबरोबरच हळूहळू जातो, म्हणून भूक परत आली, एसजीपीटी उतरलं तरी डोळ्यांचा पिवळेपणा काही आठवडे रेंगाळतो.