फिशटँकसाठी पीएच मीटर घेताना

पेनसारख्या पीएच मीटरच्या खोक्यावर ०.०१ हा आकडा ठळक छापलेला असतो. मीटर किती बारीक आकडा दाखवतो, एवढंच त्यातून कळतं. तो आकडा खरा किती, हे खालच्या बारीक अक्षरांत असतं: ±०.१ किंवा ±०.०५. गोड्या पाण्याच्या टँकला ±०.१ पुरेसं आहे. अर्ध्या अंकाची चूक मात्र महागात पडते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो.

'एटीसी', म्हणजे तापमानानुसार आपोआप दुरुस्ती, असली तर चांगलंच. पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. मीटरच्या टोकाचा काचेचा बल्ब २५ अंशांना दर पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो, ३५ अंशांना ६१. नागपूरच्या मे महिन्यात टँक तापला, तरी पीएच ८ च्या आसपास यामुळे पडणारा फरक ०.०३ इतकाच.

खरी गोम कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात बुडवून मीटर जुळवण्यात आहे. स्वस्त मीटरसोबत ४.०० आणि ६.८६ च्या पावडरच्या पुड्या येतात. ले-आउटमधल्या (नव्या वसाहतीतल्या) बोअरच्या जड पाण्याचा टँक ७.८ ला असेल, तर तो या दोन्ही बिंदूंच्या बाहेर पडतो. म्हणून ९.१८ ची पुडी वेगळी घ्या आणि दोन बिंदूंवर जुळणारा मीटरच निवडा. एकाच स्क्रूने जुळवायचा मीटर फक्त एका बिंदूवर खरा बोलतो.

पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा २५० मिली, डिस्टिल्ड पाण्यात पावडर विरघळवा; हे झालं बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण. नळाचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार बफरचाच आकडा हलवतात. कपात २०-३० मिली घ्या. बल्ब धुऊन टिश्यूने नुसता टिपा, घासू नका. आधी ६.८६, मग ९.१८, प्रत्येक वेळी आकडा स्थिरावू द्या. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतायचं नाही. ९.१८ चं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरतं, म्हणून झाकण लगेच घट्ट लावा.

बोअरचं पाणी काढल्या काढल्या मोजू नका. त्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड पीएच कमी दाखवतो. बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन २४ तास चालवून मग बघा. आरओच्या पाण्यात आकडा भरकटतो, कारण त्यात आयन फारच कमी असतात. तो मीटरचा दोष नाही.

मीटरच्या टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असलंच पाहिजे. डिस्टिल्ड किंवा आरओ पाण्यात ठेवलेला बल्ब हळूहळू निकामी होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टोपण लवकर कोरडं पडतं. तसं झालं तर बल्ब रात्रभर त्याच द्रावणात भिजवा. टोपणाजवळ जमणारे पांढरे खडे याच क्षाराचे असतात, ते धुऊन टाकायचे. बल्बवरच चुन्याचा थर दिसला तर १०-१५ मिनिटं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, धुवा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा. आकडा स्थिरावायला फार वेळ लागत असेल तर बहुधा बल्बवर चिकट पापुद्रा आलेला असतो. सौम्य साबणाच्या पाण्याने तो जातो.

प्रोब, म्हणजे बल्ब असलेला पुढचा भाग, साधारण १-२ वर्षांत थकतो, म्हणून तो बदलता येणारा मीटर घ्या. मिलिव्होल्ट दाखवणारा असेल तर आणखी बरं: ६.८६ आणि ४.०० च्या बफरमधल्या आकड्यांत २५ अंशांना सुमारे १६९ मिलिव्होल्टचं अंतर हवं. स्वच्छ करूनही ते १५० च्या खाली राहिलं, तर प्रोब बदला.