आदोळीची धार आणि प्रकाशाचा वेग

नारळ कातताना आदोळीचे दात बोटाला लागले, की आधी नुसते काहीतरी लागल्याचे कळते. हात आपोआप मागे येतो. खरी झणझण सुरू होते ती त्यानंतर. (आदोळी म्हणजे घाटावरची विळी.) स्पर्शाची खबर नेणारे तंतू सेकंदाला पन्नासेक मीटर धावतात, तर मागाहून येणारी ठणक वाहणारे बारीक तंतू जेमतेम एक मीटर. बोटापासून मेंदूपर्यंतचे अंतरही साधारण तेवढेच.

हे अगदी आपल्या अंगातले ज्ञान, पण ते माणसाच्या हाती फार उशिरा आले. प्रकाशाचा वेग कळून पावणेदोनशे वर्षे होत आली, तेव्हा कुठे ज्ञानतंतूचा वेग पहिल्यांदा मोजला गेला.

सुरुवात गॅलिलिओपासून करावी लागते. दोन माणसे दूर उभी करायची आणि एकाच्या कंदिलाचा उजेड दिसताक्षणी दुसऱ्याने आपला उघडायचा, अशी त्याची कल्पना. आपल्याकडे गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी, एकाने आग्वादला आणि दुसऱ्याने काबोला उभे राहून हा प्रयोग केला, तर उजेडाला जाऊन यायला सेकंदाचा दहाहजारावा भागही लागणार नाही. कंदील उघडणाऱ्या हाताला मात्र सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागेल. गॅलिलिओच्या कंदिलांनी काही मोजलेच असेल, तर ते माणसाचा उशीर.

मग अंतर आकाशातच शोधावे लागले. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ओले रोमरने 1676 मध्ये सांगून ठेवले, की गुरूचा चंद्र आयो 9 नोव्हेंबरला ग्रहणातून दहा मिनिटे उशिरा बाहेर येईल. तसेच झाले. पृथ्वी गुरूपासून दूर गेली होती आणि तेवढे जास्तीचे अंतर तोडायला उजेडाला वेळ लागत होता. 1849 मध्ये फिझोने 720 दात्यांचे फिरते चाक वापरून तोच वेग जमिनीवर, साडेआठ किलोमीटरांच्या टप्प्यात पकडला. त्याचा आकडा सेकंदाला सुमारे 3,13,000 किलोमीटर, आजचा 2,99,792.458.

मधल्या काळात ग्रिनिचच्या वेधशाळेत एक खटकणारी गोष्ट घडली. तारा दुर्बिणीतल्या तारेपुढून सरकताना घड्याळाचे ठोके ऐकत वेळ नोंदवायची, अशी तिथली रीत. मदतनीस किनब्रुकची नोंद प्रमुख मॅस्केलिनच्या नोंदीहून 0.8 सेकंदाने मागे पडू लागली आणि 1796 मध्ये त्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेलने निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा निष्णात खगोलज्ञांतही असा फरक निघाला. किनब्रुक कामचुकार नव्हता. त्याला न्याय मिळेपर्यंत तो हयात नव्हता, याची मला आजही हळहळ वाटते.

तरीही शरीरातल्या संदेशाचा वेग मोजता येईल, हे पटायला वेळ लागला. योहानेस म्युलरसारख्या थोर शरीरशास्त्रज्ञालाही वाटे, की त्याची साधने आपल्याला बहुधा कधीच मिळणार नाहीत. त्याच्याच शिष्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, ते 1850 मध्ये केले. बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याची नस घेतली. नसेला एकदा स्नायूजवळ विजेचा झटका दिला, एकदा काही सेंटिमीटर लांब. स्नायू आखडायला लागलेल्या वेळांतला फरक काढून अंतराला त्याने भागले. उत्तर आले सेकंदाला सुमारे 27 मीटर. या वेगाने पेडण्याहून काणकोणापर्यंतचा आपला 105 किलोमीटरचा किनारा ओलांडायला तासाहून जास्त वेळ लागेल. आवाजालाही पाचच मिनिटे लागतात.

युट्रेख्टच्या डोंडर्सने 1868 मध्ये हीच वजाबाकी विचारांना लावली. नुसती प्रतिक्रिया आणि डावे-उजवे निवडून केलेली प्रतिक्रिया यांतला फरक म्हणजे निवडीला लागलेला वेळ; तो निघाला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग.

हेल्महोल्ट्झची युक्ती आजही रोजच्या वापरात आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, 26.4 टक्के. मधुमेहाने तळपाय बधिर होऊ लागले, की डॉक्टर नर्व्ह कंडक्शन चाचणी लिहून देतात. तीत नसेला दोन जागी विजेचा हलका झटका देतात, वेळांची वजाबाकी करतात आणि दोन जागांमधल्या अंतराला तिने भागतात. पायाच्या नसेचा वेग सेकंदाला चाळीसेक मीटरच्या खाली घसरला, की नस दुखावल्याची शंका घेतात.