‘नुसतं ठेवलंय’ म्हणजे काय?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका मुलाचा एबी रोडवर अपघात झाला. हेल्मेट नव्हतं. कवटीतली रक्ताची गुठळी काढली. तिसऱ्या दिवशी त्याचे काका भेटले. म्हणाले, “ऑपरेशन तर झालं, आता आयसीयूत नुसतं ठेवलंय.” हे ‘नुसतं ठेवलंय’ मला फार लागलं. मेंदूच्या रुग्णाची खरी लढाई बहुधा त्याच दिवसांत चालू असते.

मेंदूला इजा दोनदा होते. पहिली रस्त्यावर, क्षणात. ती कुणालाच परतवता येत नाही. दुसरी पुढच्या काही दिवसांत, सूज आणि ऑक्सिजनच्या टंचाईमुळे. ती बरीचशी रोखता येते. त्यासाठीच भूलशास्त्र किंवा मेडिसिनमध्ये एम.डी. झालेले काही डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होतात आणि मेंदूच्या अतिदक्षतेची फेलोशिप करतात. व्हेंटिलेटर त्यांना आधीच येत असतो. शिकायचं असतं ते बंद पेटीचं गणित.

मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. तिच्यात सुमारे ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी. एक वाढलं की दुसऱ्यानं जागा सोडायची. स्कॉटलंडचे डॉक्टर अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आजही पलंगाशेजारी रोज वापरला जातो. सूज येऊ लागली की आधी पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर जातं, आणि दाब जवळपास जागच्या जागी राहतो. सगळं ठीक वाटतं. मग जागा संपते, आणि चमचाभर सुजेनंही दाब झपकन चढतो.

आता वजाबाकी. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला की मेंदूत रक्त ढकलणारा दाब उरतो. निरोगी माणसात ९० वजा १०, म्हणजे ८०. सुजेनं कवटीतला दाब ३० झाला, तर उरले ६०. त्यात झोपेच्या औषधानं रक्तदाब ७० वर उतरला, तर ४०. एरवी रक्तदाब ७० असला तरी चालून जातं. इथे मेंदू उपाशी राहतो, कारण ६० ते ७० उरावेत असं डॉक्टर पाहत असतात.

व्हेंटिलेटरनं श्वास वाढवले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या धमन्या आकसतात आणि दाब काही मिनिटांत उतरतो. पण आकसलेल्या धमन्यांतून रक्तही कमी जातं, म्हणून हा उपाय थोड्या वेळापुरताच. उलट, रक्तदाब अचानक चढला आणि नाडी मंदावली, तर नवखा डॉक्टर रक्तदाब उतरवायला धावेल. अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की गुदमरलेला मेंदूच तो रक्तदाब वर खेचत असतो. तेव्हा आधी कवटीतला दाब उतरवायचा.

आकडीचा झटका आला की आपल्याकडे अजून चप्पल नाहीतर कांदा हुंगवतात. त्यानं काहीही होत नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट हॉस्पिटल गाठावं. बेशुद्ध रुग्णात तर अंग न हलताही झटके चालू असू शकतात. ते फक्त ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाच्या, रेघांत दिसतात, आणि त्या रेघा वाचणंही या शिक्षणात येतं.

काकांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. पलंगाचं उशाकडचं टोक ३० अंश का उचललंय आणि मान सरळ का ठेवायची, एवढंच सांगितलं: मान वळली की गळ्यातल्या शिरा दबतात, रक्त उतरत नाही आणि कवटीतला दाब वाढतो. ते रोज भेटीच्या वेळी उजव्या बाजूला बसून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायला बघायचे, नर्स रोज अडवायची. आता ते पायथ्याशी उभे राहून हाक मारतात.