टिटवी कोणती आणि माळटिटवी कोणती?

वावरात पाय ठेवताच डोक्यावर घिरट्या घालत ओरडणाऱ्या पक्ष्याला विदर्भात सरसकट टिटवी म्हणतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु मुरमाड पडीत जमिनीवर दिसणारी टिटवी पुष्कळदा वेगळ्या जातीची, म्हणजे माळटिटवी असते. दोघींचेही पाय लांब आणि पिवळे असल्यामुळे पायांवरून ओळखू पाहणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

पाहायचे ते तोंड. टिटवीच्या डोळ्यापुढे लाल मांसल गाठ असते, चोचही लाल असून टोकाला काळी असते, गळा व छाती काळीभोर असते आणि डोळ्यामागून निघालेला पांढरा पट्टा मानेच्या कडेने थेट पोटापर्यंत उतरतो. माळटिटवीची गाठ पिवळी, डोक्यावर पांढऱ्या किनारीची काळी टोपी आणि छाती मातकट असते. लांबून गाठ दिसत नसेल, तर छातीचा रंग पाहावा. आकारात माळटिटवी थोडी लहान, म्हणजे सुमारे २७ सेंटीमीटर, तर टिटवी ३३ सेंटीमीटरच्या आसपास भरते.

टिटवीला तळे, नाला किंवा ओलिताचे वावर जवळ लागते. माळटिटवी कोरड्या माळावर रमते आणि तिचा आवाज तोकडा असतो. रात्री-अपरात्री टिटवी ओरडली की गावात अपशकुन मानतात. प्रत्यक्षात ती रात्रीही जागी असते आणि कुत्रे किंवा कोल्हा जवळून गेला तरी कलकलाट करते.

अंडी मात्र दोघीही उघड्या जमिनीवरच घालतात. धुऱ्यालगतच्या उथळ खळग्यात खडे आणि शेळीच्या लेंड्या यांच्यामध्ये ठेवलेली, काळ्या ठिपक्यांची चार अंडी पावलाभर अंतरावरूनही ढेकळांसारखी दिसतात. मे महिन्याच्या रखरखीत दुपारी पक्षी पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवून येतो आणि तसाच ओलेता अंड्यांवर बसतो. उन्हाळवाहीच्या वेळी घरटे शोधायचे असेल, तर ओरडणाऱ्या पक्ष्यामागे जाऊ नये, कारण माणूस दिसताच तो घरट्यावरून मुकाट्याने चालत दूर जातो आणि मगच आरडाओरडा सुरू करतो. बांधावर स्वस्थ बसून राहिल्यास थोड्या वेळाने तो चालतच परततो आणि जिथे टेकतो, तिथे अंडी असतात.