लाडानं लेकरू 'तसं' होत नाही

"मायनं लाड केले, म्हणून पोट्टा असा झाला." वऱ्हाडात एखाद्या घरातला मुलगा स्वतःला मुलगी म्हणवू लागला, किंवा मुलगी 'मी पोरगाच आहे' म्हणू लागली, की पहिलं बोट आईकडं जातं. मग बाप हात उगारतो, आजी अंगारा लावते, कुणीतरी भगताचं नाव सुचवतं. वाढवण्यात चुकलं आणि धाक दाखवला तर सुधारेल, ही त्यामागची समजूत. विज्ञानात ती टिकलेली नाही.

कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६५ साली जुळे भाऊ जन्मले. त्यातल्या एकाचं लिंग सुंता करताना जळालं. बाळाला मुलगी म्हणून वाढवलं की ते मुलगीच होतं, असं जॉन मनी हे मानसशास्त्रज्ञ ठामपणे सांगत. त्यांच्या सल्ल्यानं आईवडिलांनी बाळाची शस्त्रक्रिया करवली, मुलीचं नाव ठेवलं, फ्रॉक घातले आणि खरं लपवलं. लेकरू मुलगी म्हणून कधी रमलंच नाही. चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर त्यानं मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली. हा डेव्हिड रायमर. बालपणाच्या जखमा मात्र भरल्या नाहीत. २००४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. एका आयुष्यावरून सिद्धान्त होत नाही, हे खरं. पण घर, दवाखाना आणि नाव अशी सगळी ताकद लावूनही जे बदललं नाही, ते चार लाडांनी कसं बदलेल?

मग 'मी मुलगा की मुलगी' ही ओळख येते कुठून? शरीराचं लिंग गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यापासून घडू लागतं. मेंदूची लिंगानुसार घडण त्यानंतर, संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) प्रभावाखाली होते आणि जन्मानंतरही चालू राहते. एकसारख्या जुळ्यांपैकी एक पारलिंगी असेल, म्हणजे त्याची ओळख जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी असेल, तर दुसरंही तसं असण्याची शक्यता एकसारख्या नसलेल्या जुळ्यांपेक्षा काही अभ्यासांत जास्त दिसली; म्हणजे जनुकांचा वाटा असावा. तरी ओळख सांगणारं एकच जनुक नाही आणि रक्ततपासणीही नाही. ती त्या मुलाच्या सांगण्यातूनच कळते.

रांगोळी काढणारा प्रत्येक मुलगा पारलिंगी नसतो, बैल हाकणारी प्रत्येक मुलगीही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तर स्पष्ट म्हटलंय, की नुसत्या वागण्या-आवडीवरून निदान करू नये. त्याच वर्गीकरणानं पारलिंगी असणं मनोविकारांच्या यादीतून बाहेर काढलं.

सगळ्यात कठीण काळ वयात येण्याचा. मनानं मुलगा असलेल्या पोराला पाळी येते, शाळेत मुलींच्या रांगेत उभं राहावं लागतं, कापूस वेचायला बायांच्या पातीत जावं लागतं. मनानं मुलगी असलेल्या लेकराचा आवाज फुटतो, मिसरूड येतं. असं मूल गप्प होतं, शाळा बुडवतं, जेवण टाळतं. बापाला वाटतं, पोट्टं कामचोर झालं. ती कामचोरी नाही, हे मला प्रत्येक बापाला सांगावंसं वाटतं.

घराच्या हातात बरंच आहे. अमेरिकेत १२९ पारलिंगी तरुणांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम, मित्र यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी त्यांचं आवडतं नाव वापरलं जाई, तितकं नैराश्य, आत्महत्येचे विचार आणि तशी कृती कमी आढळली. नावामुळेच फरक पडला, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण नावाला पैसा लागत नाही आणि उद्या लेकराला वेगळं वाटलं तर ते परत बदलताही येतं. केस, कपडे यांचंही तसंच. तेव्हा 'तुला कोणत्या नावानं हाक मारू?' हे विचारावं, 'जाते' ऐवजी 'जातो' म्हणालं तर म्हणू द्यावं.

शरीर बदलणाऱ्या औषधांची गोष्ट निराळी. त्यांचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांसोबत, वेळ घेऊनच करायचा. मनानं मुलगी असलेली काही मुलं शरीर बाईसारखं व्हावं म्हणून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून चोरून खातात. त्यानं रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. रागावून गोळ्या काढून घेतल्या, तर ती आणखी लपवतील. विश्वासात घेऊन दवाखान्यात न्यावं. आणि 'पोराला सरळ करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठावं: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार म्हणजे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं आहे. मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नये आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करावा. तिथं मराठीत बोलता येतं, आणि आईबापांनाही स्वतःसाठी फोन करता येतो.