मोटारीचे डॅम्पिंग

मोटारीचे दरवाजे, तळ, छत आणि डिकी यांच्या पत्र्यावर कंपन शोषणारे थर चिकटवून आतला गोंगाट कमी करण्याचे काम. दरवाजाचा बाहेरचा पत्रा जेमतेम 0.7 मिमी जाडीचा असतो आणि टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखा वाजतो. रस्त्याच्या धक्क्यांनी व स्पीकरच्या आवाजाने तो सतत थरथरत असतो. डॅम्पिंगने थांबते ती ही थरथर. हवेतून किंवा दरवाजाच्या झिजलेल्या रबरातून आत येणाऱ्या आवाजाला त्याचा फारसा अटकाव होत नाही, आणि ग्राहकाची निराशा बहुतेकदा इथेच होते.

नेहमीची शीट म्हणजे सुमारे 2 मिमी ब्युटाइल रबर आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल. पत्रा वाकला की मधले रबर पत्रा आणि फॉइल यांच्यात ताणले जाते व कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. फॉइल ताठ असेल तरच हे नीट घडते, म्हणून 0.1 मिमी किंवा त्याहून जाड फॉइल घ्यावी. छताच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण उन्हात उभ्या गाडीत ती वास मारते आणि मऊ होऊन घसरते.

पत्रा पूर्ण झाकावा लागत नाही. सपाट भागाच्या मध्यावर 25 ते 30 टक्के क्षेत्र झाकले की बराचसा लाभ पदरात पडतो. पुढे वजन वाढते आणि फायदा घटत जातो. तरीही दुकानात शंभर टक्केच सुचवले जाते, कारण बिल चौरस फुटावर होते. चार दरवाजांचे आतले आणि बाहेरचे पत्रे भरायला 3 ते 4 चौ.मी. शीट लागते, चौरस मीटरला 3 किलो धरले तर गाडीवर नऊ ते बारा किलो वाढतात.

दरवाजाचे काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे. एअरबॅगचे कनेक्टर सुटे असताना इग्निशन चालू केले तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो बहुतेकदा स्कॅनरनेच घालवावा लागतो. ट्रिम, म्हणजे दरवाजाचे आतले आवरण, प्लास्टिकच्या पट्टीने उचकटावी. स्क्रू-ड्रायव्हरने रंगाला ओरखडे येतात. दोन-चार क्लिपा तुटतातच, त्यामुळे नव्या आधीच आणून ठेवाव्यात. आतला प्लास्टिकचा पडदा न फाडता सोडवावा. पत्रा आधी ओल्या फडक्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. धूळ किंवा मेणाचा अंश राहिला तर शीट काही महिन्यांत सुटते.

शीटचे वहीच्या पानाएवढे तुकडे कापले तर हात आत घालून लावणे सोपे जाते. फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, त्यामुळे हातमोजे हवेतच. चिकटवल्यावर रोलर जोर देऊन फिरवावा. फॉइलवरची नक्षी सपाट झाली म्हणजे शीट पुरती बसली. थंडीच्या सकाळी हीट गनने हलकी ऊब द्यावी. लॉकचा रॉड, काचेची खाच आणि आडव्या बीमजवळचा कंपनीचा फोम मोकळा सोडावा. काही गाड्यांत दरवाजाच्या पोकळीतल्या हवेचा दाब मोजणारा एअरबॅग सेन्सर असतो. तिथे आतल्या पत्र्याची भोके बंद करणे धोक्याचे आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक पाण्याची. काचेवरून ओघळलेले पावसाचे पाणी दरवाजाच्या आत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. ती भोके शीटखाली गेली किंवा पोकळीत स्पंजासारखा फोम लावला तर पाणी साठते आणि पत्रा आतून गंजतो. कोकणातल्या पावसात हे लवकर उघडे पडते. फोम हवा असेल तर बंद पेशींचाच, म्हणजे पाणी न शोषणारा, घ्यावा. पडदा परत चिकटवलाच पाहिजे, नाहीतर पाणी ट्रिममधून थेट पायाशी येते. ट्रिम बसवण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून आणि दरवाजावर पाणी ओतून पाहावे.

तळासाठी सीट आणि गालिचा काढावा लागतो. कंपनीच्या डांबरी पट्ट्या तिथे आधीच असतात. टायरचा घोंघाट खरोखर अडवायचा तर फोमवर चौरस मीटरला सुमारे 5 किलोचे जड व्हिनाइल, फटी न ठेवता पसरावे लागते. त्याआधी टायरमधली हवा तपासणे स्वस्त पडते. छताला हलकी शीट पुरते. पावसाचा ताशा तिथे लगेच मंदावतो. हॅचबॅकच्या मागच्या दारावर मात्र हात राखून काम करावे, कारण जादा वजनाने दार वर धरणारे गॅसचे दांडे ते पेलत नाहीत आणि दार डोक्यावर येते.

मोबाइलच्या मापकात फरक एक-दोन डेसिबलचाच दिसू शकतो. असे मापक सहसा कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खर्जाला कमी वजन देते, आणि डॅम्पिंगने घटणारा गुंजारव बहुतांशी खर्जातलाच असतो.